निर्लेखन आणि विस्मृती : भारतीय प्रयोगशाळांतील घातक अवशेषांचा इतिहास

१. विषयप्रवेश

भारतातील विज्ञानशिक्षणाचा इतिहास आजवर प्रामुख्याने संशोधकांच्या चरित्रांतून, संस्थांच्या स्थापनेच्या वृत्तांतांतून आणि शोधांच्या नोंदींतून लिहिला गेला आहे. प्रयोग संपल्यावर जे उरते, म्हणजे वापरलेली आम्ले, अवक्षेपांचा साका, मुदत उलटलेल्या रसायनांच्या बाटल्या, बंद पडलेली उपकरणे, त्याला या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. हे स्वाभाविकही आहे. कारण अवशेष म्हणजे संस्थेच्या दृष्टीने ज्याचे प्रयोजन संपले ते. तथापि प्रयोजन संपले म्हणून पदार्थाचे गुणधर्म संपत नाहीत. संस्थेचे कागदपत्र आणि पदार्थाचा स्वभाव यांतील ही विसंगती हाच प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

येथे पुढील प्रतिपादन करावयाचे आहे : प्रयोगशाळेतील पदार्थाचा धोका त्याच्या नोंदीपेक्षा अधिक काळ टिकतो; आणि नोंद पुसली गेली की तो धोका ज्याला त्याची यत्किंचितही कल्पना नाही अशा माणसाच्या हाती जातो. २०१० साली दिल्लीतील मायापुरी येथे घडलेली दुर्घटना हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. तिचे कारण समजून घेण्यासाठी मात्र काहीसे मागे जावे लागते.

२. मोरीची परंपरा

प्रयोगशाळेची रचना कशी असावी याचा विचार आपल्या परंपरेत जुना आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्रीय ग्रंथात रसशाळेचे वर्णन आले असून त्यात भट्ट्या आग्नेयेस, उपकरणे नैऋत्येस, धुण्याची कामे पश्चिमेस आणि वाळवण्याची वायव्येस अशी दिशांनुसार विभागणी सांगितली आहे. धुण्याला स्वतंत्र जागा दिली गेली, हे लक्षणीय आहे. धुतलेल्या पाण्याचे पुढे काय, हा मात्र त्या वर्णनाचा विषय नाही. हे वर्णन आधुनिक वाचकांसमोर आणणारे प्रफुल्लचंद्र राय हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी पाऱ्याच्या नायट्राइटविषयी केलेले संशोधन १८९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आधुनिक भारतीय रसायनशास्त्राच्या इतिहासात ते आरंभबिंदू मानले जाते. पारा आणि नायट्रिक आम्ल हे त्या संशोधनाचे मूलद्रव्य होते. त्या काळी लंडन असो वा कलकत्ता, वापरलेले द्रावण भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडणे हीच सर्वत्र रीत होती. पाण्याने पातळ केले की विष नाहीसे होते, अशी समजूत तिच्यामागे होती.

विसाव्या शतकात महाविद्यालयांची संख्या वाढली तशी ही रीत शिक्षणक्रमाचाच भाग बनली. पदवीवर्गातील अकार्बनी गुणात्मक विश्लेषण हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. विद्यार्थ्याला अज्ञात क्षार दिला जाई आणि त्यातील धातूंचे गट एकामागून एक वेगळे करावयाचे असत. पहिल्या गटात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने शिसे, चांदी व पारा अवक्षेपित होत. दुसऱ्या गटासाठी किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला जाई आणि पारा, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, अँटिमनी यांची सल्फाइडे खाली बसत. सडक्या अंड्यांचा तो दर्प शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांना आठवत असेल. परीक्षा नळ्यांतील अवक्षेपाच्या रंगाची होती. पिवळा, नारिंगी वा काळा रंग ओळखला गेला की नळी बेसिनमध्ये रिकामी होई. काचेची भांडी धुण्यासाठी डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांचे मिश्रण वापरले जाई. त्यातील सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे. तेही त्याच वाटेने जाई. एका विद्यार्थ्याच्या नळीतील शिसे नगण्य खरे. परंतु दरवर्षी नवी तुकडी येते, मोरी तीच राहते.

या रीतीने एक मानसिक सवय रुजवली. प्रयोगाचा शेवट निष्कर्षाने होतो, अवशेषाने नव्हे, ही ती सवय होय. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे रकाने असत. विल्हेवाट असा रकाना त्यात सहसा नसे.

३. साठवणीचे रसायनशास्त्र

मोरीत न जाणाऱ्या पदार्थांचा प्रश्न वेगळा आहे. ते कपाटात राहतात आणि कपाटात राहणे म्हणजे स्थिर राहणे नव्हे. डायएथिल ईथर हवेच्या व प्रकाशाच्या संपर्कात हळूहळू पेरॉक्साइडे तयार करतो. अशी जुनी बाटली ऊर्ध्वपातनासाठी तापवली, किंवा सुकलेले झाकण जोराने फिरवले, तरी स्फोट होऊ शकतो. पिक्रिक आम्ल पाण्यात भिजलेले असेतोवर हाताळता येते. वर्षानुवर्षे कोपऱ्यात राहून ते कोरडे पडले की स्फोटक बनते. सोडियम ॲझाइडचे द्रावण मोरीत ओतले तर शिशाच्या वा तांब्याच्या नळांशी त्याची क्रिया होऊन धक्का लागताच फुटणारी ॲझाइडे नळांतच साठतात. ही शेवटची क्रिया विशेष बोलकी आहे; कारण तिचा परिणाम भोगणारा माणूस रसायनशास्त्रज्ञ नसतो, पुढे केव्हातरी नळ दुरुस्त करण्यासाठी आलेला कारागीर असतो.

अवशेष एकत्र करण्याचाही धोका आहे. नायट्रिक आम्लाचा अवशेष आणि अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारखे द्रावक एकाच बाटलीत ओतले तर काही वेळाने वायू निर्माण होऊन घट्ट झाकलेली बाटली फुटते. सायनाइडयुक्त द्रावणात आम्ल मिसळले तर हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. म्हणून आम्ले व आम्लारी, ऑक्सिडीकारक व ज्वलनशील पदार्थ, क्लोरिनयुक्त व क्लोरिनरहित द्रावके वेगवेगळी ठेवावीत, बाटली काठोकाठ भरू नये, तिच्याखाली गळती धरणारे तबक असावे आणि चिठ्ठीवर पदार्थाचे पूर्ण नाव, प्रमाण व दिनांक असावा, हे आज सर्वमान्य नियम आहेत. कपाटात रसायने इंग्रजी वर्णानुक्रमाने लावण्याची पद्धत नीटनेटकी दिसते, परंतु तिच्यामुळे नायट्रिक आम्ल आणि नायट्रोबेंझीन शेजारी येतात. त्यांचे मिश्रण स्फोटक असते.

या सर्व नियमांत चिठ्ठीचे स्थान मध्यवर्ती आहे. बाटलीतील द्रव काय आहे हे ती भरणाऱ्याला ठाऊक असते. तो संशोधक पदवी मिळवून निघून जातो, परिचर निवृत्त होतो, आम्लाच्या वाफेने चिठ्ठीवरील शाई उडते. उरते ती एक अनामिक बाटली. अज्ञात पदार्थ नष्ट करणे हे ज्ञात पदार्थ नष्ट करण्यापेक्षा कितीतरी कठीण व खर्चिक असते. कारण आधी त्याची ओळख पटवावी लागते, आणि ओळख पटवण्यासाठी बाटली उघडावी लागते.

४. जडवस्तू नोंदवही आणि लिलाव

प्रयोगशाळेत स्मृतीचे दुसरे साधन म्हणजे नोंदवही. सरकारी पैशाने घेतलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील डेडस्टॉक रजिस्टरात, चढते. तिचा क्रमांक, किंमत व खरेदीचा दिनांक लिहिला जातो, वार्षिक पडताळणीत ती मोजली जाते आणि निकामी झाल्यावर समिती नेमून तिचे निर्लेखन केले जाते. या व्यवस्थेचा हेतू सार्वजनिक मालमत्तेचा अपहार होऊ नये हा आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ही व्यवस्था वस्तूकडे मूल्य म्हणून पाहते. तिच्या रकान्यांत किंमत असते, धोका नसतो. निर्लेखनाच्या वेळी समितीपुढे प्रश्न असतो तो घसारा किती आणि भंगाराचा भाव काय, हा.

नियमांत या बाबीचा विचार मुळीच नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्र शासनाच्या २००५ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत दोन लाख रुपयांहून अधिक अवशिष्ट मूल्याच्या निरुपयोगी वस्तू जाहीर निविदेने वा लिलावाने विकाव्यात असे सांगितले होते. त्याबरोबरच मुदतबाह्य औषधे, दारूगोळा यांसारख्या घातक वस्तू आरोग्यास अपाय वा पर्यावरणाचे प्रदूषण होणार नाही आणि त्यांचा गैरवापर होणार नाही अशा योग्य रीतीने तत्काळ नष्ट कराव्यात, अशीही तरतूद होती. २०१७ च्या नियमांतही ती कायम राहिली. परंतु ही तरतूद लागू करायची तर वस्तू घातक आहे हे समितीला ठाऊक असावे लागते. नियम माहितीवर अवलंबून होता आणि माहिती नोंदवहीत नव्हती.

५. भोपाळोत्तर कायदे

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली. त्या आघातातून १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आणि त्याखाली १९८९ चे घातक कचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम आले. त्याच वर्षी घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीसंबंधीचा बाझेल करार संमत झाला आणि १९९२ मध्ये भारताने त्यास अनुसमर्थन दिले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. पुढे २००८ मध्ये आणि नंतर २०१६ मध्ये नवे नियम आले. २०१६ च्या नियमांनुसार कचरा निर्माण करणाऱ्याने तो सामान्यतः नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ साठवू नये. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्या लहान उत्पादकांना राज्य मंडळ एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुभा देऊ शकते. कचरा अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच द्यावा, त्यावर विहित नमुन्यातील चिठ्ठी असावी आणि वाहतुकीचा दस्तऐवज सोबत असावा, असे बंधन आहे.

ही तरतूद मौलिक आहे. तथापि तिच्यामागे कारखान्याचे चित्र आहे, हे नियमांच्या पहिल्या अनुसूचीवरून स्पष्ट होते : तेथे औद्योगिक प्रक्रियांची यादी असून प्रत्येक प्रक्रियेतून कोणता कचरा निघतो ते दिले आहे. कारखान्यातून एकाच प्रकारचा कचरा मोठ्या प्रमाणात आणि नियमितपणे निघतो. प्रयोगशाळेतून शेकडो प्रकारचे पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात आणि अनियमितपणे निघतात, आणि ते निर्माण करणारी माणसे दर दोन-चार वर्षांनी बदलतात. अमेरिकेतही १९७६ च्या कायद्याबाबत हीच अडचण आली होती. तेथे शैक्षणिक प्रयोगशाळांसाठी स्वतंत्र पर्यायी नियम २००८ मध्ये करण्यात आले आणि जुनी कपाटे रिकामी करण्यास प्रोत्साहन देणारी तरतूद त्यांत ठेवली गेली. आपल्याकडे प्रयोगशाळा सर्वसाधारण नियमांच्या कक्षेत येते खरी, परंतु अर्धा लिटर अनोळखी द्रव घेऊन तिने कोणाकडे जावे याचे सोपे उत्तर तिच्यापाशी नसते.

किरणोत्सर्गी अवशेष तर या नियमांतून स्पष्टपणे वगळलेले आहेत. त्यांच्यासाठी १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाखाली १९८७ चे विल्हेवाट नियम व २००४ चे किरणोत्सार संरक्षण नियम करण्यात आले आणि त्यांची अंमलबजावणी मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. या मंडळाची स्थापना नोव्हेंबर १९८३ मधली आहे. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हे वर्ष ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

६. मायापुरी, २०१०

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९७० च्या आसपास कॅनडातून गॅमा सेल हे उपकरण आणले होते. जाड शिशाच्या आवरणात कोबाल्ट-६० च्या कांड्या वर्तुळाकार बसवलेल्या असत आणि मधल्या पोकळीत नमुना सोडून त्यावर गॅमा किरणांचा परिणाम अभ्यासला जाई. किरणोत्सार रसायनशास्त्राच्या त्या काळातील संशोधनासाठी हे साधन मोलाचे होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्याचा वापर थांबला. नियामक मंडळ स्थापन झाले तेव्हा हे उपकरण विभागात आधीच येऊन पडलेले होते. त्यामुळे मंडळाच्या परवानापद्धतीतून ते कधी गेलेच नव्हते. वापरणारे विभागातून निघून गेले. पाव शतकभर उपकरण खोलीत राहिले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये अन्य निरुपयोगी सामानाबरोबर लिलावात विकले गेले.

कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे आहे. चाळीस वर्षांत सुमारे साडेसात अर्धायुष्ये उलटतात, म्हणजे मूळ क्रियाशीलतेचा अंदाजे एकशे नव्वदावा भाग उरतो. उपकरण ‘थंड’ झाले असावे असे वाटण्यास येथे आधार मिळतो; परंतु मूळ क्रियाशीलताच इतकी मोठी होती की उरलेला अंश आवरणाबाहेर येताच माणसाचा जीव घेण्यास पुरेसा ठरला.

पश्चिम दिल्लीतील मायापुरी हा भंगाराचा मोठा बाजार आहे. भंगार-व्यवसायात शिशाला चांगला भाव येतो. तेथील कामगारांनी उपकरण उघडले, आवरण वेगळे केले आणि आतील धातूच्या कांड्या हाताळल्या, काही तोडल्या. एकाने त्याचा तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवला. कोबाल्ट चमकतो, तापत नाही, त्याला वास नाही. हायड्रोजन सल्फाइड निदान आपल्या दर्पाने सावध करतो. येथे इंद्रियांना कोणतीही सूचना नव्हती. एप्रिलच्या आरंभी त्वचा काळवंडणे, केस गळणे अशी लक्षणे घेऊन रुग्ण इस्पितळात पोचले आणि डॉक्टरांना किरणोत्साराचा संशय आला. मग नियामक मंडळ, भाभा अणुसंशोधन केंद्र व नरोरा अणुवीज केंद्र येथील तज्ज्ञांनी बाजार पिंजून कांड्या व तुकडे गोळा केले. एप्रिलच्या अखेरीस उपकरणाचा माग विद्यापीठापर्यंत पोचला. त्याच सुमारास बाधितांपैकी एक कामगार मरण पावला. विद्यापीठाची किरणोत्सर्गी स्रोत वापरण्याची अनुमती मंडळाने स्थगित केली. आण्विक घटनांच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत या दुर्घटनेला चौथी पातळी देण्यात आली.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये असेच घडले होते. तेथे सोडून दिलेल्या उपचारकेंद्रातील सीझियम-१३७ चा स्रोत भंगारात गेला, चार माणसे मृत्युमुखी पडली आणि २४९ जणांना संसर्ग झाल्याचे आढळले. म्हणजे मायापुरीच्या तेवीस वर्षे आधी हा धडा जगापुढे होता. दोन्ही घटनांतील समान सूत्र स्पष्ट आहे. स्रोत चोरट्या मार्गाने आला नव्हता. विद्वानांच्या संस्थेने तो रीतसर आणला होता. ज्ञान आणि धोका दोन्ही एकाच वास्तूत होते. कालांतराने ज्ञान निघून गेले आणि धोका उरला. मायापुरीत तर निर्लेखनाच्या कागदपत्रांतून तो राजरोसपणे बाहेर पडला. लेखापालाच्या दृष्टीने वस्तूची विल्हेवाट पूर्ण झाली होती. वस्तुतः ती तेथून सुरू झाली.

७. अवशेषांचा वारसदार कोण?

या घटनेला केवळ अपवाद समजणे चुकीचे ठरेल. किरणोत्सर्गी स्रोत विरळा असतो. परंतु चिठ्ठी उडालेली बाटली, कोरडे पडलेले पिक्रिक आम्ल, फुटक्या तापमापकांतील पारा हे सर्वत्र असते. त्यांची वाट तीच असते : प्रयोगशाळेतून भांडारात, भांडारातून लिलावात किंवा कचरापेटीत, आणि तेथून सफाई कामगार वा भंगारवाल्याच्या हाती. या साखळीत प्रत्येक पायरीवर ज्ञान कमी होत जाते आणि स्पर्श वाढत जातो. प्राध्यापक बाटलीला क्वचित हात लावतो, परिचर नित्य लावतो, भंगारवाला ती फोडतो. सामाजिक उतरंडीत जो सर्वांत खाली, तोच या अवशेषांचा अखेरचा वारसदार ठरतो. कचरा वाहण्याचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारणाऱ्या समाजात ही बाब केवळ तांत्रिक राहत नाही.

विलंबाची किंमतही इतिहासाने दाखवून दिली आहे. ज्या भोपाळ दुर्घटनेतून घातक कचऱ्याचा कायदा जन्मला, त्या कारखान्याच्या आवारातील ३३७ टन घातक कचरा न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूर येथे हलवण्यात आला आणि त्याचे ज्वलन जून २०२५ च्या अखेरीस पूर्ण झाले. दुर्घटनेला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती. मायापुरीच्या उपकरणाचे वयही विक्रीच्या वेळी चाळीसच्या घरात होते. दोन्ही ठिकाणी काळाने प्रश्न सोडवला नाही. फक्त त्याला उत्तर देणारी माणसे बदलली.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सुरक्षित विल्हेवाटीची सुरुवात खरेदीच्या वेळी व्हावयास हवी. जडवस्तू नोंदवहीत किमतीच्या रकान्याशेजारी धोक्याचा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय निर्लेखनाचा प्रस्ताव पुढे जाऊ नये. दुसरा असा की, संशोधक संस्था सोडतो तेव्हा त्याच्याकडून ग्रंथालयाची पुस्तके परत आल्याचा दाखला घेतला जातो, तसाच त्याने मागे ठेवलेल्या बाटल्यांचा हिशेबही घेतला जावा. कारण त्या बाटल्या वाचता येतील असा तोच अखेरचा माणूस असतो. तिसरा असा की, विद्यापीठांच्या लहान व मिश्र अवशेषांसाठी एकत्रित संकलनाची सोय असावी. ती नसेल तर नव्वद दिवसांची मर्यादा कागदावर राहते आणि कपाटे भरत जातात. आणि चौथा असा की, प्रयोगवहीत निष्कर्षाच्या खाली विल्हेवाटीचा रकाना यावा. त्यासाठी पैसा लागत नाही.

प्रयोगशाळांचा इतिहास लिहिणाऱ्यांपुढेही येथे एक कार्य आहे. संस्थांच्या स्मरणिकांत उपकरणे आल्याच्या तारखा आणि उद्घाटनांची छायाचित्रे आढळतात. ती उपकरणे पुढे कोठे गेली याची नोंद आढळत नाही. जुन्या नोंदवह्या, निर्लेखन समित्यांची इतिवृत्ते आणि निवृत्त परिचरांच्या आठवणी ही या अलिखित इतिहासाची साधने आहेत, आणि ती वेगाने नष्ट होत आहेत. त्यांचे संकलन हे इतिहासलेखन तर आहेच; ज्या खोलीत आजही एखादे झाकलेले उपकरण उभे असेल, तेथे ते कोणाचा तरी जीव वाचवण्याचे साधनही ठरू शकेल.